वचनाची जागा

“थाळी पुढे जाऊ द्या,” बाबा म्हणाले.

दर वर्षी ते हेच म्हणत. नव्या वर्षाच्या सकाळी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वचनाच्या चिठ्ठ्यांची थाळी फिरते. महिला मंडळाच्या बायका डिसेंबरभर रंगीत कागदाच्या पट्ट्या कापतात, प्रत्येकीवर शास्त्रातलं एक वचन लिहितात, गुंडाळी करून दोऱ्याने बांधतात. हाताला जी चिठ्ठी येईल ते तुमचं वर्षाचं वचन. कुणी ते पाकिटात ठेवतं, कुणी उशीखाली. बाबा, म्हणजे माझे सासरे नाथान आढाव मास्तर, मात्र चिठ्ठीला हात लावत नसत. लग्न होऊन मी त्या घरात आल्यापासून एकदाही नाही.

त्या वर्षी थाळी दीनाकाकूंच्या हातात होती. दीनाकाकू आमच्या शेजारीण, मंडळाच्या सेक्रेटरी, आणि ‘नको’ हा शब्द त्यांना जन्मात कधी कळलेला नव्हता.

“आवं मास्तर, दिसत न्हाई म्हनून लाजता व्हय? मी काढते तुमच्या नावानं.”

“नको, दीनाबाई.”

तोवर दोरा सुटला होता. काकूंनी चिठ्ठी डोळ्यांशी धरली आणि त्यांचा आवाजच फुटला. “यशया! आवं, यशया संदेष्टा निघाला! आंधळ्यांचं डोळं उघडतील म्हनून!”

सगळी मंडळी उभी राहिली. त्याच महिन्यात आम्ही बाबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नगरला नेणार होतो आणि हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. वेदीजवळून पाळकसाहेब म्हणाले, “मास्तर, देव बोलला!” कुणीतरी गीत सुरू केलं, पेटी वाजायला लागली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

मी बाबांकडे बघितलं. तार आल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता. मला वाटलं, गहिवरले असतील.

घरी येऊन त्यांनी चपला काढल्या, भिंत चाचपत खुर्चीपाशी गेले, बसले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, “वसंता, नगरला कळव. मी ऑपरेशन करणार नाही.”

*

आमचे बाबा म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं, नाहीतर माझा संताप कुणाला कळायचा नाही.

मिशनच्या शाळेत आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस. निवृत्तीनंतर रविवारची शास्त्रशाळा चालवायचे. फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे लिहायचं ‘सांगितलं’, उजवीकडे ‘घडलं’. मग पोरांना विचारायचं.

“बेथलेहेमातून राजा येईल, सांगितलं कुणी?”

“मीखानं!” पोरं ओरडायची.

“घडलं कुठे?”

“बेथलेहेमात!”

“गाढवाच्या शिंगरावर बसून येईल, सांगितलं कुणी?”

“जखऱ्यानं!”

अशी ती यादी चालायची. रुप्याची तीस नाणी, चिठ्ठ्या टाकून वाटून घेतलेली वस्त्रं, न मोडलेलं हाड. त्या पोरांना पाढे यायचे नाहीत, पण संदेष्टे यायचे. बाबांचं म्हणणं एकच असे. शेकडो वर्षं आधी बोललेला शब्द डोळ्यांदेखत खरा होतो, असं पुस्तक मी एकच पाहिलंय, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास. कुणी सांगितलं म्हणून नाही. आणि शेवटी खडू खाली ठेवून एक नियम सांगायचे. जो देवाच्या नावाने बोलला आणि ज्याचं बोलणं घडलं नाही, तो खोटा संदेष्टा. मग तो कितीही भला माणूस असो.

पाठांतराच्या बाबतीत भारी कडक. लबाड पोरं सगळ्यात लहान वचन म्हणून ‘येशू रडला’ एवढंच म्हणून बक्षिसाची गोळी मागायची. बाबा त्याला आळशांचं वचन म्हणत आणि पोराला परत पाठवत. माझ्या लेकीलासुद्धा पाठवलं होतं.

पुढे डोळे अधू होत गेले. फळा दिसेना, पोरं दिसेनात. अक्षर दिसेना तशी मी वाचून दाखवायला लागले. दिवसभर घरकाम आणि शिवणाचा वर्ग, आणि संध्याकाळी पाठ मोडून आलेली असताना यशया. चुकून एखादी ओळ गळली की “मागे जा, एस्तेर.” त्यांना सगळं तोंडपाठ होतं, मग माझ्याकडून वाचून कशाला घ्यायचे, देव जाणे. डॉक्टर म्हणाले होते, उजवा डोळा जवळपास गेलाच, डावा अजून वाचेल, पण मोतीबिंदू पिकलाय, हा महिना घालवू नका. बाहेरगावचे मोठे डॉक्टर जानेवारीअखेरपर्यंत नगरला होते, मग परत जाणार होते. बाबा तयार झाले होते. पिशवी भरून ठेवली होती, त्यांचा धुतलेला पायजमा घालून. आणि आता, इतकं सोन्यासारखं वचन निघाल्यावर, हे म्हणतात करणार नाही!

“पण का बाबा?” मी विचारलं.

“माझी इच्छा.”

“अहो, इतकं चांगलं वचन...”

“ते वचन घडून गेलंय. यरीहोच्या वाटेवर. बार्तीमय आंधळ्याच्या बाबतीत. त्याच्यावर माझं नाव नाही.”

“बरं, नसू दे नाव. वचन सोडा. डॉक्टरसाठी चला.”

बाबा खुर्चीचा हात धरून बसले ते बसलेच. हे असं पालथ्या घड्यावर पाणी मी रोज ओतत राहिले.

*

मग रांग लागली. आमच्या लोकांचा एक गुण आहे. कुणी अडला की धावून येतात. आणि एक खोड आहे, की येताना प्रत्येक जण एक वचन घेऊन येतो.

दीनाकाकू तर रोज. “मास्तर, देवाचा शबुद हाय. तुमाला दिसनार म्हंजी दिसनार. मी लिवून देते.”

“लिहून देऊ नका, दीनाबाई,” बाबा एवढंच म्हणत.

पाळकसाहेब आले, बाबांच्या डोळ्यांवर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली आणि आमेननंतर म्हणाले, “मास्तर, मी तर ईस्टरच्या भक्तीत देवाने काय केलं ते सांगायला, साक्षीला, तुमचं नावही घालून ठेवलंय. संपूर्ण मंडळी वाट बघतेय. तुमच्यामुळे कितीतरी तरुणांचा विश्वास दृढ होणार आहे!”

बाबांनी तोंड दाराकडे वळवलं, ते मी पाहिलं. म्हणाले, “साहेब, चहा घेऊन जा.” मी चहा टाकायला आत गेले आणि कान बाहेर ठेवला, पण दोघं पावसापाण्याचं बोलत राहिले.

मीही काही कमी नव्हते. मी त्यांना सांगायची, डॉक्टर म्हणाले शंभर टक्के दिसणार. डॉक्टर असं काहीच म्हणाले नव्हते. पण मला वाटायचं, म्हातारा माणूस घाबरलाय, धीर द्यावा. जितका धीर द्यावा तितका तो माणूस आत जाऊन बसायचा, दार लावल्यासारखा. वसंत साखर कारखान्यात पाळ्या करायचा. तो म्हणे, “नको म्हणतात ना, राहू दे. त्यांचे डोळे आहेत.” माझ्या मस्तकात तिडीक जायची. डोळे त्यांचे, आणि आंधळ्याचे हातपाय कोण होणार? मी. सकाळी संडासापर्यंत कोण नेणार? मी. आणि यशया कोण वाचणार?

खरं सांगायचं तर काम नव्हतं खुपत. त्यांचं ते फळ्यापुढचं उभं राहणं मी पाहिलं होतं. पोरांचा ओरडा ऐकताना त्यांची मान कशी ताठ व्हायची ते पाहिलं होतं. ते सगळं एका हट्टापायी मातीत घालताना बघवत नव्हतं.

एका गोष्टीचं कोडं मला आधीपासूनच होतं, ते त्या दिवसांत फार आठवायचं. नाताळाआधी आम्ही कबरस्तानात जाऊन आपापल्या माणसांच्या कबरींना चुना देतो. माझ्या सासूबाई, ताराबाई, मी सून म्हणून येण्याच्या आधीच वारल्या होत्या, पोटातल्या गाठीच्या ऑपरेशनात. त्यांची कबर दर वर्षी मीच रंगवायची. बाबा फाटकाबाहेर बाभळीखाली बसून राहायचे, आत पाऊल टाकायचे नाहीत. दगडावर नाव होतं, जन्म होता, प्रभूत निजल्याची तारीख होती. त्याखाली हातभर जागा घासून गुळगुळीत केलेली आणि कोरी. आमच्यात तिथे वचन कोरतात. अख्ख्या कबरस्तानात वचन नसलेला तेवढा एकच दगड. वसंतला विचारलं तर म्हणाला, बाबांना सुचलं नाही म्हणे. ज्याला सगळं शास्त्र मुखोद्गत, त्याला बायकोसाठी एक ओळ सुचू नये?

*

डॉक्टर जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी शिवणाच्या वर्गातून आले तर घरात जळका वास. बाबांनी स्वतः चहा करायला घेतला होता. भांडं स्टोच्या बाजूला ठेवलेलं, स्टो नुसताच पेटलेला, आणि बाहीच्या टोकाला धग लागून कापड काळं झालेलं. ते शांतपणे भांड्यापाशी वाकून चहा उकळल्याचा आवाज ऐकत होते.

मी स्टो बंद केला. बाही ओढून पाहिली, हात वाचला होता. मग माझा तोल गेला.

“झालं समाधान? पेटून मरायचंय?”

“तुला उशीर होईल वाटलं.”

“उद्या डॉक्टर जातोय! उद्यानंतर कुणी नाही! तुम्हाला कळतंय का बाबा, मी काय करू? पाया पडू? सगळा गाव पाया पडून गेला!”

ते खाली बसले, तिथेच, स्टोपुढच्या पाटावर. म्हणाले, “एस्तेर, एक विचारू? ऑपरेशन केलं तर दिसेल?”

दर वेळी याचं उत्तर माझ्या ओठांवर तयार असायचं. त्या दिवशी अंगात त्राणच नव्हतं.

“मला माहीत नाही,” मी ओरडले. “काय माहीत मला! दिसेल किंवा नाही दिसणार! मी काय संदेष्टी लागून गेले? डॉक्टरलाही माहीत नाही, तो म्हणालाच नव्हता शंभर टक्के, मी खोटं सांगत होते!”

आणि मी रडायला लागले. हातात ती जळकी बाही तशीच धरलेली.

त्यांनी चाचपत माझ्या हातातून बाही सोडवून घेतली. मग म्हणाले, “बरं झालं बोललीस.” आणि मग, फळ्यापुढे विचारायचे त्याच आवाजात, पण हळू, “मी तुला बरं करीन, तुझ्या जखमा भरून काढीन. सांगितलं कुणी?”

मला वाटलं यांचं डोकं फिरलं. तरी सवयीने उत्तर दिलं. “यिर्मयानं.”

“कुणाला?”

“सियोनेला. बंदिवासात गेलेल्या लोकांना.”

“घडलं?”

“घडलं. लोक परत आले.”

“बरोबर. आता पुढचं. तारा, तू बरी होशील. सांगितलं कुणी?”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

“मी,” ते म्हणाले. “त्या वर्षी थाळीतून मला यिर्मया निघाला. ताराच्या पोटात गाठ. ती भेदरलेली. कापाकापी नको, मला माहेरी सोडा म्हणायची. मी तिच्यापुढे चिठ्ठी धरली. म्हटलं, मीखा खरा ठरला, यशया खरा ठरला, हे पुस्तक कधी खोटं ठरलेलं दाखव. हेही घडेल. देवाने तुझ्यासाठी पाठवलंय. तिचा माझ्यावर फार भरवसा गं. आत नेताना चिठ्ठी मुठीत घेऊन गेली. बाहेर आणलं तेव्हाही मुठीतच होती.”

बाहेर दीनाकाकूंच्या कोंबड्या ओरडत होत्या. मी पाटापाशी खाली बसले.

“घडलं?” त्यांनी विचारलं.

आणि उत्तरही त्यांनीच दिलं.

“नाही घडलं. मग खोटं कोण? एकतर पुस्तक खोटं, नाहीतर मी. मी रात्रंदिवस तेच तपासत राहिलो, एस्तेर. पुस्तक तिच्याशी बोललंच नव्हतं. मी बोललो होतो, देवाचं नाव घेऊन. नियम मीच पोरांना शिकवतो. तेव्हापासून घडून गेलेलं तेवढंच शिकवतो मी. होणारं काही सांगत नाही. थाळीला हात लावत नाही.”

“पण बाबा, आता तर चिठ्ठी तुम्ही नाही काढली. दीनाकाकूंनी...”

“म्हणून तर! चिठ्ठी निघाली नसती तर मी गेलो असतो. दिसलं तर दिसलं, नाही तर नाही. आता सगळी मंडळी बोट रोखून बसलीय. पाळकाने साक्षीत नाव घातलंय. ऑपरेशन फसलं तर माझीच शास्त्रशाळेतली पोरं काय म्हणतील? सांगितलं यशयानं, घडलं नाही. मी घातलेल्या घोळाने एकदा माझंच घर बुडालं. आता त्यांचं पुस्तक बुडवू? त्यापेक्षा आंधळा बरा. आंधळ्याने कुणाचं काही जात नाही.”

म्हणजे इतके दिवस आम्ही सगळे मिळून, धीर देता देता, त्यांच्या गळ्यात धोंडा बांधत होतो. दीनाकाकू, पाळकसाहेब आणि माझे ते शंभर टक्के. मला स्वतःचा राग आला, त्यांचा आला, त्या रंगीत कागदांचा आला. आणि त्या रागातच मला सुचलं.

“बाबा, ऐका. आता मी सांगते. तुम्हाला दिसणार नाही.”

“काय?”

“ऑपरेशन करून तुम्हाला काडीमात्र दिसणार नाही. ठार आंधळे राहाल. मी सांगितलं, एस्तेर वसंत आढाव हिने. संध्याकाळी दीनाकाकूंना सांगते, म्हणजे रात्रीपर्यंत गावभर होईल. आता नाही दिसलं तर माझं खरं झालं, यशयाचा काही संबंध नाही. दिसलं तर मी खोटी. जे काही व्हायचं ते माझ्या नावावर. मंजूर?”

त्यांची मान माझ्या दिशेने वळली. ओठ हलले. मला वाटलं आता रागावतील, शास्त्राची थट्टा केली म्हणतील. पण त्यांना हसू आलं. पोटातून आलेलं हसू, मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकत होते.

“उद्धट आहेस,” ते म्हणाले. मग हात पुढे केला, उठवायला. “पिशवीतला पायजमा धुतलेलाच आहे ना? चल.”

*

दुसऱ्या दिवशी, मोठे डॉक्टर निघण्याआधी, ऑपरेशन झालं. उजवा डोळा गेलेलाच होता, तो गेला. डाव्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी वसंत आणि मी खाटेपाशी उभे होतो. तिथल्या डॉक्टरांनी बाटलीच्या बुडासारखा जाड भिंगाचा चष्मा नाकावर ठेवला. बाबांनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग वसंतकडे, मग माझ्याकडे. बराच वेळ बघितलं.

“केस पांढरे झाले तुझे,” ते म्हणाले. “आणि संदेष्टी म्हणून तू अगदीच खोटी.”

मी पदर तोंडावर घेतला. त्या दिवशी खोटं ठरण्याचा मला जेवढा आनंद झाला तेवढा खरं ठरण्याचा पुढे कधी झाला नाही.

ईस्टरच्या भक्तीत पाळकसाहेबांनी त्यांना साक्षीला बोलावलं. बाबा उभे राहिले. “डॉक्टरने मोतीबिंदू काढला, त्याबद्दल देवाचे आभार,” एवढं बोलून खाली बसले. पाळकसाहेबांचं तोंड पडलं. दीनाकाकू मात्र सगळ्यांना सांगत सुटल्या, की “बगा, मी म्हनलं व्हतं!” त्यांना कोण अडवणार.

पुढच्या नाताळाआधी चुन्याची बादली घेऊन मी कबरस्तानात निघाले तेव्हा बाबा बाभळीखाली थांबले नाहीत. फाटकातून माझ्या मागोमाग आत आले. सासूबाईंच्या दगडापाशी गुडघ्यावर बसले, चष्मा वर-खाली करत नाव वाचलं, तारीख वाचली. खालच्या कोऱ्या जागेवरून हात फिरवला. मग फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाला हाक मारली. पाथरवट होता, त्यांनी आधीच बोलावून ठेवला होता, मला पत्ता नाही.

“काय कोरायचं, मास्तर?” त्याने छिन्नी काढत विचारलं.

मी मनात म्हटलं, आता पुनरुत्थानाचं काहीतरी मोठं वचन सांगतील, आमच्यात ज्याच्या-त्याच्या दगडावर असतं तसं. बाबांनी दोनच शब्द सांगितले. पाथरवटाला ते कमी वाटले. “एवढंच? जागा लई हाय.”

“एवढंच. मोठं कोर.”

तो कोरायला लागला. मी बाबांच्या शेजारी बसले. न राहवून म्हटलं, “बाबा, पोरांनी हे म्हटलं की तुम्ही परत पाठवायचात.”

“हो ना,” ते म्हणाले. दगडाची भुकटी त्यांच्या चष्म्यावर बसत होती, त्यांनी ती पुसली नाही. “पण प्रभू आपल्या माणसाच्या कबरीपाशी उभा होता, तेव्हाचं आहे हे. कुणी हे व्हायचंय म्हणून सांगितलेलं नाही, एस्तेर. झालेलं आहे.”

दुपारपर्यंत अक्षरं पुरी झाली. मी भोवतीने चुना दिला, अक्षरांत जाऊ न देता. आता तिथे कुणीही जाऊन वाचावं. ताराबाई नाथान आढाव, जन्म, प्रभूत निजली ती तारीख, आणि त्याखाली ठळक, आळशांचं वचन: येशू रडला.